हरवलेले दप्तर : संगणक नव्याने बसविल्यानंतर जुन्या ई-मेलचा शोध

(ग्रामपंचायतींचे सचिव, मुख्याध्यापक व शाळांतील लेखनिक यांच्यासाठी झालेल्या तालुका पातळीवरील प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना असे वाटले असेल की, ही तर संगणक दुरुस्त करणाऱ्याची कामे आहेत. आपला त्यांच्याशी काय संबंध? काही वर्षांपूर्वी मलाही असेच वाटत असे. परंतु एका प्रसंगाने माझे डोळे उघडले. तो प्रसंग प्रथम सांगतो, कारण पुढे मी जे काही सांगणार आहे ते सारे त्यातूनच शिकलो आहे.

मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथील कार्यालयात एकच संगणक होता आणि तो सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. इ. स. २०२२ च्या पावसाळ्यात तो इतका मंद झाला की, सकाळी सुरू केल्यावर प्रार्थना आटोपेपर्यंत तो कामाला तयार होत नसे. तेव्हा एका रविवारी मी त्याची कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज, नव्याने बसविली. तत्पूर्वी मी आपल्या समजुतीप्रमाणे पूर्ण काळजी घेतली होती. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ यांमधील सर्व कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. नवी प्रणाली बसली, संगणक चपळ झाला आणि मी समाधानाने घरी गेलो.

आमच्या शाळेतील शिपाई त्या वर्षीच सेवानिवृत्त व्हावयाचे होते. आम्ही सर्वजण त्यांना भाई म्हणत असू. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात पहिल्या तीन वर्षांची सेवा धरली जावी की नाही, असा प्रश्न निघाला. ती सेवा मान्य केल्याचे पत्र २०१४ साली वरिष्ठ कार्यालयाकडून ई-मेलने आले होते, हे मला पक्के आठवत होते. त्याची छापील प्रत काढली होती. परंतु ज्या कपाटात ती फाइल होती त्या कपाटाला वाळवी लागली होती. सेवापुस्तिकेत त्याची नोंद करावयाची राहून गेली होती. मी भाईंना मोठ्या विश्वासाने म्हणालो, “काळजी करू नका, पत्र संगणकात आहे.”

बुधवारी मी ई-मेलचा प्रोग्राम पुन्हा बसविला, पासवर्ड दिला आणि पाहतो तो काय! गेल्या चौदा दिवसांची पत्रे तेवढी आली होती. जुनी सर्व पत्रे, वर्षावर्षांचे वेगळे केलेले गठ्ठे, काही म्हणजे काही दिसेना. भाई दाराशी उभे होते. ते म्हणाले, “मास्तर, सापडेल ना?” त्यांना त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

पत्र नेमके कोठे राहते?

हे असे का झाले, हे समजण्यासाठी ई-मेल प्रत्यक्षात कोठे राहते हे समजले पाहिजे. पत्र प्रथम सर्व्हर नावाच्या दूरच्या मोठ्या संगणकावर येऊन पडते. ते आपले टपाल कार्यालय आहे असे समजा. तेथून ते आपल्याकडे आणण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली पद्धत ‘पीओपी’. तिच्यात टपाल घरी आणले जाते आणि टपाल कार्यालयातील प्रत लगेच किंवा काही दिवसांनी काढून टाकली जाते. आमच्या संगणकावर ही मुदत चौदा दिवसांची होती. म्हणजे चौदा दिवसांपूर्वीच्या प्रत्येक पत्राची एकमेव प्रत आमच्या शाळेतील त्या एका संगणकातच होती. दुसरी पद्धत ‘आयमॅप’. तिच्यात पत्रे टपाल कार्यालयातच राहतात आणि आपल्याला त्यांचे प्रतिबिंब दिसते. आयमॅपने चालणाऱ्या किंवा जीमेलप्रमाणे थेट ब्राउझरमध्ये पाहिल्या जाणाऱ्या ई-मेलचे, संगणक नव्याने बसविल्याने, सहसा काही बिघडत नाही. जीमेलमध्ये एखादे पत्र ‘आर्काइव्ह’ केले तर ते केवळ इनबॉक्समधून बाजूला होते. ‘ऑल मेल’ या सदरात ते सुरक्षित असते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. खाते आयमॅपचे असूनही जागा अपुरी पडते म्हणून पुष्कळ कार्यालयांत जुनी पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलविली जातात. हलविताक्षणी ती टपाल कार्यालयातून निघून आपल्या संगणकात येतात. म्हणजे ज्या पत्रांना आपण जपून ठेवलेली पत्रे म्हणतो, तीच नेमकी सर्वांत असुरक्षित असतात.

सर्वप्रथम हात आवरावा

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. जुनी पत्रे दिसत नाहीत असे कळताच आपण काय करतो? प्रोग्राम काढतो, पुन्हा बसवितो, इंटरनेटवरून शोधाची साधने उतरवून घेतो. हे सर्व करू नये. संगणकातून फाइल पुसली जाते तेव्हा प्रत्यक्षात बहुधा फक्त तिची सूचीतील नोंद जाते. तिचा मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहू शकतो. सूचीपत्रातील कार्ड हरवले तरी ग्रंथ फडताळात असतो, तसेच हे आहे. आपण नवे काही उतरविले की, ते नेमके त्याच जागेवर लिहिले जाण्याचा धोका असतो. म्हणून त्या संगणकावरील काम थांबवावे. डिस्कवर जागा कमी आहे अशी सूचना आली आणि ‘क्लीन-अप’ करू का असे विचारले गेले, तर होकार देऊ नये. त्या होकाराने काय जाते, ते लगेच सांगतो.

जुने घर नव्या घरातच असते

डिस्क पूर्णपणे न पुसता, म्हणजे फॉरमॅट न करता, विंडोज पुन्हा बसविली तर ती जुन्या प्रणालीचा सारा पसारा ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बांधून ठेवते. हा फोल्डर ‘सी’ ड्राइव्हवर सापडतो. त्यात ‘यूजर्स’, त्यात आपले जुने नाव आणि त्यात आपल्या जुन्या फाइली अशी रचना असते. परंतु हा पसारा कायमचा राहत नाही. काही दिवसांनी, सामान्यतः दहा दिवसांनी, विंडोज तो आपण होऊन काढून टाकते. आणि ‘क्लीन-अप’ला होकार दिला तर तो त्याच क्षणी जाऊ शकतो. म्हणून हा फोल्डर दिसताच तो प्रथम बाहेरच्या डिस्कवर संपूर्ण उतरवून घ्यावा. मग शोधाशोध करावी, आणि तीही मूळ फाइलवर नव्हे, उतरविलेल्या प्रतीवर.

आमच्या प्रसंगी मला हे कळले तेव्हा आठवा दिवस उजाडला होता.

मग मी ‘डेस्कटॉप’ व ‘डॉक्युमेंट्स’ यांची प्रत घेतली होती, तिच्यात पत्रे का नव्हती? कारण आमचा ई-मेलचा प्रोग्राम थंडरबर्ड हा होता आणि तो आपली पत्रे ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवीत नाही. तो ती आपल्या नावाखालील ‘ॲपडेटा’, त्यातील ‘रोमिंग’, त्यातील ‘थंडरबर्ड’ आणि त्यातील ‘प्रोफाइल्स’ या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यातही ‘ॲपडेटा’ हा फोल्डर विंडोज डोळ्यांआड ठेवते. फोल्डरच्या खिडकीतील ‘व्ह्यू’ या सदरात जाऊन ‘हिडन आयटेम्स’ दाखवावयास सांगितले तरच तो दिसतो. पुष्कळांची पत्रे हरवतात ती याच कारणाने: जे डोळ्यांना दिसते त्याचीच प्रत घेतली जाते.

थंडरबर्डची पत्रे परत आणण्याची रीत

‘प्रोफाइल्स’मध्ये काही अक्षरे व अंक यांच्या विचित्र नावाचा एक फोल्डर असतो. त्यात ‘मेल’ आणि ‘मेल’मध्ये ‘लोकल फोल्डर्स’ असतो. पत्रांचा प्रत्येक गठ्ठा ही तेथे एक स्वतंत्र फाइल असते. इनबॉक्सची फाइल ‘इनबॉक्स’, आणि वर्षवार वेगळ्या केलेल्या पत्रांच्या फाइली २०१३, २०१४ अशा नुसत्या वर्षाच्या नावाच्या. या फाइलींना आडनाव, म्हणजे नावापुढील टिंब व तीन-चार अक्षरे, नसते. त्यामुळे अजाण माणसास त्या निरुपयोगी वाटतात व तो त्या टाकून देतो. त्यांच्या शेजारी त्याच नावाची, ‘एमएसएफ’ असे आडनाव असलेली एक लहान फाइल असते. ती केवळ अनुक्रमणिका होय. खरे दप्तर आडनाव नसलेल्या मोठ्या फाइलीत असते.

या मोठ्या फाइलीचा प्रकार ‘एमबॉक्स’ म्हणून ओळखला जातो व तो युनिक्स या जुन्या प्रणालीपासून चालत आलेला आहे. तिच्यात पत्रे एकाखाली एक साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेली असतात. फाइल फार मोठी नसेल तर तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडून पाहता येते. तारीख, पाठविणाऱ्याचा पत्ता वगैरे वाचता आले म्हणजे पत्रे जिवंत आहेत असे समजावे. मराठी मजकूर मात्र तेथे बहुधा वाचता येणार नाही. पाठविताना तो सांकेतिक अक्षरांत बदललेला असतो. जोडपत्रांचेही तसेच. हा अगम्य मजकूर पाहून फाइल बिघडली असा ग्रह करून घेऊ नये. प्रोग्राममधून उघडताच तो पूर्ववत दिसतो.

आता कृती सांगतो. प्रथम नव्याने बसविलेला थंडरबर्ड बंद करावा. जुन्या ‘लोकल फोल्डर्स’मधील हव्या त्या आडनाव नसलेल्या फाइलींची प्रत नव्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवावी. तेथे त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर लिहू नये. आपल्या प्रतीचे नाव ‘जुना इनबॉक्स’ असे काहीतरी बदलून घ्यावे. मग थंडरबर्ड सुरू करावा. डाव्या बाजूस जुने गठ्ठे दिसू लागतात. एखादा गठ्ठा रिकामा किंवा गोंधळलेला दिसला तर प्रोग्राम बंद करून फक्त त्याची ‘एमएसएफ’ फाइल काढून टाकावी. थंडरबर्ड नवी अनुक्रमणिका आपण होऊन तयार करतो. आमचा २०१७ चा गठ्ठा असाच रिकामा दिसत होता, आणि एवढ्या उपायाने तो भरून आला.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी

अनेक कार्यालयांत आउटलुक हा प्रोग्राम असतो. त्याची साठविलेली पत्रे ‘पीएसटी’ या आडनावाच्या एकाच फाइलीत असतात. आपोआप वेगळ्या केलेल्या जुन्या पत्रांची फाइल पुष्कळदा ‘आर्काइव्ह’ याच नावाची असते. २०१० च्या आवृत्तीपासून ही फाइल सर्वसाधारणपणे ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये असते. त्यापूर्वी तीही ‘ॲपडेटा’च्या आड, ‘लोकल’ या भागात दडलेली असे. फाइल सापडली की तिची प्रत घ्यावी आणि पूर्ण स्वरूपाच्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकमध्ये ‘फाइल’ सदरातून ती उघडावी. फाइल बिघडली असेल तर आउटलुकबरोबरच मिळणारे ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन वापरावे. अर्थात तेही प्रतीवरच. ‘ओएसटी’ या आडनावाची फाइल आढळली तर ती सर्व्हरवरील पत्रांचे प्रतिबिंब असते. खाते पुन्हा जोडले की, सर्व्हरवर असलेली पत्रे आपोआप उतरतात.

डिस्क पुसली गेली असेल तर

डिस्क फॉरमॅट झाली असेल तर काम कठीण होते. तरीही जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर आशा सोडू नये. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तेथून फोटोरेक यासारख्या विनामूल्य साधनाने शोध घ्यावा. सापडलेल्या फाइली मात्र वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात. अशा शोधात फाइलींची मूळ नावे मिळत नाहीत. एकेक उघडून ओळखावी लागते. नव्या संगणकांत ‘एसएसडी’ प्रकारची डिस्क असते. तिच्यात पुसलेली जागा संगणक लवकरच खरोखर रिकामी करून टाकतो, त्यामुळे तेथे यशाची शक्यता फारच थोडी असते. शिवाय डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल तर दुसऱ्या संगणकावर ती उघडण्यास अठ्ठेचाळीस अंकी किल्ली लागते. ती किल्ली संगणक धडधाकट असतानाच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवली पाहिजे.

हे केवळ सोयीचे काम नव्हे

हे सारे आजच सांगण्याचे कारण असे की, विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे अनेक शाळांतील व पंचायतींतील संगणकांवर नवी प्रणाली बसविली जात आहे किंवा संगणकच बदलले जात आहेत. प्रत्येक बदलात कोणा ना कोणा भाईंचे पत्र पणास लागलेले असते, हे विसरून चालणार नाही.

कायदाही हेच सांगतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपले अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवण्याचे कर्तव्य सोपविले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या सातव्या कलमात इलेक्ट्रॉनिक अभिलेख कसे जतन करावे ते सांगितले आहे: ते पुढेही वाचता आले पाहिजेत, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखविणाऱ्या स्वरूपात असले पाहिजेत आणि ते कोठून आले, कोठे गेले, कोणत्या दिवशी व वेळी, हे त्यांतून कळले पाहिजे. म्हणून पत्र छापून फाइलीला लावले की काम संपले, असे समजू नये. छापील प्रत जरूर ठेवावी, पण मूळ ई-मेलही जपावे.

आपल्या गोव्याला तर ही गोष्ट नवी नाही. पणजीच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ साली झाला आणि दियोगु दु कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक होता. तेथे ‘मोन्सोंयश’, म्हणजे मोसमी वाऱ्यांच्या नावाने ओळखली जाणारी, लिस्बन व गोवा यांमधील पत्रव्यवहाराची पुस्तके आहेत. त्या काळी महत्त्वाचे पत्र एकाच जहाजाने पाठवीत नसत. त्याच्या दोन-तीन प्रती काढून त्या वेगवेगळ्या जहाजांतून रवाना करीत आणि ही पहिली प्रत, ही दुसरी, असे त्यांवर लिहीत. एखादे जहाज बुडाले तरी पत्र पोहोचावे, एवढाच त्यामागील हेतू. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या संशोधकाने या दप्तरांत आयुष्य वेचून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणली, ती दप्तरे कोणीतरी जपली म्हणूनच. आपला संगणक हेही एक जहाजच आहे. ते केव्हा बुडेल याचा नेम नाही.

यासाठी मी तीनच गोष्टी सुचवितो. एक, महत्त्वाच्या दप्तराच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक कार्यालयाच्या इमारतीबाहेर असावी. दोन, आवक-जावक नोंदवहीच्या शेवटच्या पानावर आपली पत्रे संगणकात कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, हे शाईने लिहून ठेवावे. कारण कर्मचारी बदलतो, नोंदवही राहते. तीन, दर तीन महिन्यांनी घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबून राहणे म्हणजे न उघडलेल्या कपाटावर विसंबणे होय. आणि त्या कपाटाचे काय झाले ते मी आपणास सांगितलेच आहे.

आता भाईंच्या पत्राविषयी. आठव्या दिवशी सायंकाळी ‘विंडोज डॉट ओल्ड’मधून २०१३ ते २०२१ पर्यंतचे सर्व गठ्ठे सापडले. २०१४ च्या गठ्ठ्यात ते पत्र जोडपत्रासह होते. त्याच्या आधारे सेवापुस्तिकेत नोंद झाली आणि भाईंची तीन वर्षे त्यांना परत मिळाली. त्यांनी मला काही बोल लावला नाही. फक्त म्हणाले, “मास्तर, माझे पत्र होते म्हणून तुम्ही शोधलेत. ज्यांना आपले पत्र तिथे आहे हेच ठाऊक नाही, त्यांचे काय?”

२०१३ पूर्वीची पत्रे मात्र आम्हांला मिळाली नाहीत. ती त्याआधीच्या कोणत्यातरी संगणकाबरोबर गेली. तो बदलताना कोणीही मागे वळून पाहिले नव्हते, आणि त्यांत कोणाची किती वर्षे गेली हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

भाईंच्या त्या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांच्या हाती आहे. आपण उद्या आपापल्या कार्यालयात जाल तेव्हा संगणक सुरू करून प्रथम ‘आपली जुनी पत्रे नेमकी कोठे आहेत?’ एवढे पाहावे, अशी विनंती आहे.